पैठणीचा लाल आणि टोपीचा पांढरा

‘ताई, मी बार्शीचा, वय २६. वडिलांचा स्टुडिओ आहे, आता लग्नाच्या ऑर्डरी मीच बघतो. फोटो बरे काढतो असं लोक म्हणतात, पण एडिटिंग येत नाही. आजवर फोटो, अल्बम, व्हिडिओचं मिक्सिंग (म्हणजे एडिटिंग) सगळं सोलापूरच्या एकाकडे द्यायचो. एका लग्नामागे १५-१८ हजार त्यातच जातात आणि सीझनमध्ये तारीख पाळली जात नाही. म्हणून प्रीसेटचा, म्हणजे एका क्लिकवर फोटोचे रंग बदलणाऱ्या तयार सेटिंगांचा, एक संच विकत घेऊन स्वतः सुरुवात केली. मागच्या महिन्यात एका नवरीच्या आईने अल्बम परत पाठवला. म्हणाल्या, “ही आमची पोर वाटतच नाही.” आता काय करू? पुण्यातला एक क्लास तीन महिन्यांचे ४५ हजार मागतोय. मित्राने फोटोशॉपचं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरीची प्रत, दिलंय. फोटोशॉप शिकू की लाइटरूम? व्हिडिओला प्रीमियर की दा विंची? लॅपटॉप आय-फाइव्ह आहे, रॅम ८ जीबी. की एआयमुळे दोन वर्षांत हे कामच राहणार नाही? त्या अल्बममधले दोन फोटो सोबत जोडलेत.’

नमस्कार.

पत्र अगदी वेळेवर आलं. आषाढी एकादशी तोंडावर आहे. ती झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. गौण काळातलं एखाददुसरं लग्न सोडलं तर चार महिने तुम्ही मोकळे. लग्नसराईत कुणालाच काही शिकता येत नाही, तेव्हा फक्त निभावून न्यायचं असतं. मीही अशीच शिकले. वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात एका मिक्सिंग युनिटमध्ये कामाला लागले, तेव्हा श्रावण-भाद्रपदात मशिन रिकामं असायचं आणि मालक बसू द्यायचे.

तुम्ही सॉफ्टवेअरचं विचारलंत, पण मी त्या आईंपासून सुरुवात करते. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलं असणार. अल्बम परत येणं ही साधी गोष्ट नाही. तरी सांगते, इतकं नेमकं परीक्षण कुठल्याही क्लासात कुणी करून देणार नाही. त्यांना हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, माहीत नसेल, पण आपल्या पोरीचा रंग माहीत आहे. तो तुमच्या अल्बममध्ये त्यांना सापडला नाही, आणि फोटो बघितल्यावर मलाही वाटलं की त्यांचं बरोबर आहे.

पहिला फोटो हळदीचा. अंगणात मांडव, वर भगवं-पिवळं कापड, सकाळचे दहा-अकरा वाजले असावेत. नवरी पाटावर बसलेली, पिवळी साडी, मागे चार-पाच वऱ्हाडी. आता नवरीकडे पाहू नका. मागे डावीकडे जे आजोबा उभे आहेत त्यांच्या गांधी टोपीकडे पाहा. टोपी पांढरी असते हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. तुमच्या फोटोत ती स्वच्छ नारिंगी आहे. म्हणजे त्याच उजेडात बसलेल्या पोरीचा चेहराही तेवढाच नारिंगी झालेला आहे, फक्त चेहऱ्यावर तो आपल्याला चटकन कळत नाही.

असं का झालं? मांडवाच्या कापडातून ऊन आत येतं तेव्हा कापड त्यातला निळा भाग बराचसा अडवतं. आत उभं राहिलं की आपले डोळे मिनिटाभरात सरावतात आणि आपल्याला सगळं नेहमीसारखं दिसायला लागतं. कॅमेरा सरावत नाही. फोटो आधीच नारिंगी आला होता आणि त्यावर तुम्ही जो प्रीसेट टाकलात तो फोटो अजून ‘उबदार’ करणारा. दोन नारिंगी एकावर एक चढले.

आता उपाय. व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग सावरणारा, ड्रॉपर घ्या आणि टोपीवर क्लिक करा. पण कुठल्या टोपीवर? फोटोत दोन आहेत. उजवीकडचे गृहस्थ मांडवाच्या कडेला उन्हात उभे आहेत. त्यांच्या टोपीवर क्लिक केलंत तर उन्हाचा हिशोब लागेल आणि नवरी होती तशीच नारिंगी राहील. क्लिक डावीकडच्या आजोबांच्या टोपीवर करायचं, कारण ते नवरीच्याच उजेडात आहेत. त्यातही टोपीचा जो भाग अगदी पांढरा फटक होऊन गेलाय तो नको, किंचित सावलीतला भाग घ्या. फुटलेल्या पांढऱ्यात रंगाची माहितीच उरलेली नसते. आणि टोपीला नीळ दिलेली असेल तर फोटो जरासा जास्त पिवळा होईल, तो मग डोळ्याने मागे घ्यायचा.

एवढं झालं की पिवळ्या रंगाला हात लावायचा मोह होईल. लावू नका. हळद पिवळीच हवी, झेंडू पिवळाच हवा. संपूर्ण फोटोतला पिवळा उतरवलात तर त्या दिवसाची हळदच निघून जाईल. राहिला प्रश्न हनुवटीखालच्या पिवळ्या डागाचा. तो हळदीचा नाही, साडीवरून परतलेल्या उजेडाचा आहे. तेवढ्याच भागावर ब्रशने मास्क करा, म्हणजे फक्त तो भाग निवडा, आणि तिथलं रंगाचं तापमान थोडं खाली आणा. बास. एका फोटोत तीन कामं झाली आणि तिन्हींचं कारण तुम्हाला सांगता येतं.

मला तुम्हाला शिकवायचं आहे ते एवढंच. माउसला हात लावण्याआधी वहीत लिहा: काय बिघडलंय, कुठे बिघडलंय, कशामुळे बिघडलंय. ‘फोटो डल आहे’ असं लिहू नका, त्यातून काही निष्पन्न होत नाही. ‘चेहऱ्याची डावी बाजू अंधारात, कारण खिडकी उजवीकडे’ असं लिहा. दोष नावाने सांगता आला की कुठला स्लायडर हे शोधायला पाच मिनिटं लागतात आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये शोधता येतं. दोष दिसत नसेल तर जगातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअर घेऊनही माणूस स्लायडर हलवत बसतो आणि कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही.

प्रीसेटवर माझा राग नाही. पण प्रीसेट ज्याने बनवला त्याने तो त्याच्या उजेडात बनवला. तुमच्या एका लग्नात सहा-सात उजेड असतात: पहाटे घरातली ट्यूबलाइट, कापडाखालची हळद, दुपारचा मंडप, स्टेजवरचे एलईडी, पंगतीची पत्र्याची शेड, रात्रीची वरात. म्हणून फोटो वेळेप्रमाणे लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक करत बसू नका. आधी निवड करा, मग निवडलेले फोटो उजेडाप्रमाणे वेगळे करा. प्रत्येक उजेडातला एक फोटो मन लावून नीट करा आणि ती दुरुस्ती त्या गटातल्या बाकीच्यांना लावा. सातशे फोटोंचं काम सात फोटोंवर येतं. उरलेल्यांवर फक्त नजर फिरवून बारीकसारीक बघायचं.

पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण दोन्ही फाइली जेपेग आहेत. तुमचा कॅमेरा रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली मूळ फाइल, देतो ना? मग आजपासून रॉ. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. मांडवाच्या कापडाने निळा आधीच खाल्लेला आहे. जेपेगमध्ये निळ्याच्या मोजक्याच पायऱ्या उरतात, त्या ताणल्या की चेहऱ्यावर चट्टे आणि दाणे दिसायला लागतात. रॉमध्ये ताणायला जागा असते. कार्ड लवकर भरेल, डिस्क जास्त लागेल, हे खरं. तो खर्च क्लासच्या फीमधून काढा.

दुसरा फोटो लाल पैठणीचा. हा मी मोठा करून पुष्कळ वेळ पाहिला, कारण मला पैठणीचं वेड आहे. पदरावरचे मोर छान आलेत, काठाची जर चमकते आहे. पण अंगावरची साडी म्हणजे लाल रंगाचा एक सपाट डाग झालाय. वीण नाही, चुण्या नाहीत, निऱ्यांची सावली नाही. पैठणी विणायला महिने लागतात आणि फोटोत ती प्लास्टिकच्या कागदासारखी दिसते, याचं मला खरंच वाईट वाटलं. झालं असं की लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांपैकी एकटा लाल चॅनल वरच्या टोकाला जाऊन आपटला. कॅमेऱ्याच्या मागे पांढरा हिस्टोग्राम ठीक दिसत असणार, म्हणून तुम्हाला कळलं नाही. त्यावर प्रीसेटने सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवलं.

लाइटरूममध्ये ऑल्टची कळ दाबून एक्सपोजरचा स्लायडर हलवा. पडदा काळा होईल आणि ज्या भागात एखादा रंग फुटलाय तिथे तो रंग पेटलेला दिसेल. तुमची साडी लालभडक पेटेल. आता एक्सपोजर थोडं खाली घ्या, लाल रंगाचं सॅच्युरेशन थोडं उतरवा, चेहरा काळवंडला तर तेवढाच मास्क करून उचला. रॉ असेल तर वीण परत वर येते. ती वर येताना बघणं हा या कामातला माझा सगळ्यात आवडता क्षण आहे, आजही. आणि पुढच्या लग्नात कॅमेऱ्यावर तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा. शालू, पैठणी, कुंकू, गुलाल, सगळीकडे लालच आधी फुटतो. रंग वाढवायचेच असतील तर सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरा. ते फिक्या रंगांना आधी उचलतं आणि त्वचेला सांभाळून घेतं.

आता त्वचेबद्दल. यावर मी जरा जोरात बोलणार आहे.

तुमच्या प्रीसेटमध्ये ऑरेंजचा ल्युमिनन्स बराच वर नेलेला आहे. त्वचेचा रंग नारिंगी पट्ट्यात येतो, तो पट्टा उजळला की माणूस गोरा होतो. ती पोर सावळी आहे. छान, तुकतुकीत सावळी. तुम्ही तिला गोरी केलीत, वर मांडवाचा नारिंगी होता, म्हणून ती ना सावळी राहिली ना गोरी. आई म्हणाल्या ते यामुळे. हे काम करू नका. गिऱ्हाईक म्हणालं तरी करू नका. लोक ‘जरा उजळ करा’ म्हणतात, त्याचा अर्थ नीट विचारून घ्या. माझा अनुभव असा की दहातल्या आठ जणांना गोरं व्हायचं नसतं. डोळ्याखाली सावली पडलेली असते, फ्लॅश वरून आल्याने डोळे खोल गेलेले असतात, ते त्यांना खटकत असतं. ती सावली उचला, डोळ्यांत उजेड आणा, आणि मूळ रंग जिथल्या तिथे ठेवून दाखवा. उरलेल्या दोघांना समजावून सांगायला लागतं. मी सांगते, आणि बहुतेक ऐकतात.

दा विंचीमध्ये वेक्टरस्कोप नावाचं एक गोल मोजयंत्र आहे, त्यात त्वचेसाठी एक तिरकी रेघ चालू करता येते. गोरा असो की काळासावळा, नीट पकडलेल्या त्वचेचा रंग त्या रेघेच्या आसपासच पडतो. माणसामाणसांत फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा आणि रंगाच्या गडदपणाचा. म्हणजे रंग दुरुस्त करायचा तर रेघेकडे न्यायचा, पांढऱ्याकडे नाही. ही गोष्ट मला उशिरा कळली, तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते.

डाग काढायचे की नाही? पुरळ काढायचा, तीळ ठेवायचा. आठवड्याभरात जाणारी गोष्ट फोटोतून गेली तर कुणाला काही वाटत नाही. आयुष्यभर चेहऱ्यावर असलेली गोष्ट गेली की माणूस ओळखू येत नाही. कपाळावरचा लहानपणीचा व्रण असेल तर विचारून घ्या. एका मुलीने मला सांगितलं होतं, ‘तो राहू द्या, तो आजीच्या पायरीचा आहे.’

आणि इथे तुमच्या वडिलांना शेजारी बसवा. त्यांचा स्टुडिओ फिल्मच्या काळापासूनचा असेल तर निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग कसं करायचे ते त्यांना विचारा. सुरकुती फोटोत काळी दिसते, पण निगेटिव्हमध्ये तिथे फिल्म जवळपास पारदर्शक असते. तिथे टोकदार पेन्सिलीने हलकेच शिसं भरलं की छापताना तेवढा भाग उजळतो. उलटं करायचं, म्हणजे एखादी जागा गडद करायची, तर चाकूने फिल्मवरचा थर अलगद खरवडायचा. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं, त्यात डॉज आणि बर्न ही दोन हत्यारं आहेत. डॉजचं चिन्ह बघा, काडीला लावलेली चकती आहे. बर्नचं चिन्ह म्हणजे बोटं वळवलेला हात. डार्करूममध्ये एनलार्जरच्या, म्हणजे निगेटिव्ह कागदावर मोठं करून पाडणाऱ्या यंत्राच्या, उजेडात चकती धरून एखादा भाग राखायचे, हाताच्या पोकळीतून एखाद्या भागाला जास्त उजेड द्यायचे, त्याचीच ती चित्रं आहेत. तुमच्या वडिलांना हे सगळं हाताने येत असेल. तुम्हाला फक्त त्याची कळ कुठे आहे ते शोधायचंय.

करायचं कसं, तर मूळ चित्राला धक्का न लावता. वर कर्व्हजचा एक ॲडजस्टमेंट लेयर, म्हणजे दुरुस्तीचा वेगळा थर, उजळ करणारा, एक गडद करणारा, दोघांचेही मास्क काळे. पांढऱ्या ब्रशने, फ्लो (ब्रशचा जोर) चार-पाच टक्क्यांवर ठेवून, हळूहळू घासत आणायचं. चूक झाली तर मास्क पुसता येतो. आणि हे करताना २०० टक्क्यांवर झूम करून बसू नका. एवढ्या जवळून प्रत्येक छिद्र दोष वाटायला लागतं आणि संध्याकाळपर्यंत चेहरा मेणाचा होतो. १२ बाय ३६ इंचांचं करिझ्मा अल्बमचं उघडं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल होतं. पूर्ण पान पडद्यावर ठेवून दोन हात मागे सरका. तिथून जे खटकत नाही ते सोडून द्या.

सॉफ्टवेअरचं आता पटकन सांगते. लग्नाच्या फोटोला रोज लागेल लाइटरूम. फोटोशॉप लागेल अल्बमच्या पानांना आणि निवडक चेहऱ्यांना. त्याच क्रमाने शिका. दरमहा पैसे भरणं आत्ता जमत नसेल तर डार्कटेबल फुकट आहे आणि रॉ फाइलचं वर सांगितलेलं सगळं काम त्यात होतं. दिसायला अवघड आहे, पण चार महिने आहेत तुमच्याकडे. व्हिडिओला दा विंची रिझॉल्व्ह. त्याची फुकट आवृत्ती ३८४० बाय २१६० पर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत काम देते, लग्नाला त्याहून जास्त काही लागत नाही. ती बनवणारी ब्लॅकमॅजिक कंपनी शिकण्याची पुस्तकं आणि सरावाच्या क्लिप्सही आपल्या साइटवर फुकट देते. पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण चित्रं भरपूर आहेत, अडणार नाही.

क्रॅक काढून टाका. ज्या लॅपटॉपमध्ये लोकांच्या घरच्या लेकीसुनांचे फोटो आहेत त्यात कुणीतरी कुलूप फोडून दिलेली वस्तू बसवायची नाही. असल्या फाइलींसोबत सगळा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस येतात. फुकट आणि सरळमार्गी पर्याय हाताशी असताना ही जोखीम कशाला?

लॅपटॉप बदलू नका, रॅम १६ जीबी करा आणि एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाका. व्हिडिओ अडखळला तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिप्सच्या हलक्या प्रती, बनवून एडिट करा. आणि क्लासचं म्हणाल तर फी भरण्याआधी एक दिवस जाऊन या. तुमची हळदीची फाइल घेऊन जा आणि शिकवणाऱ्यांना म्हणा, हा माझ्यासमोर करून दाखवा आणि करताना का करताय ते बोला. ते टोपीपाशी थांबले तर पैसे भरायला हरकत नाही. मेनूतली हत्यारं डावीकडून उजवीकडे एकेक शिकवायला लागले तर परत या. त्यापेक्षा एखाद्या कामसू अल्बम डिझायनरकडे पंधरा दिवस शेजारी बसायची परवानगी मागा, त्याचे पैसे द्या.

लॅबकडून प्रिंट काळपट येतात अशी तक्रार तुम्ही केली नाहीत, पण येत असणार. बहुतेकांच्या येतात. रात्री अंधाऱ्या खोलीत पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून काम केलं की फोटो पडद्यावर उजळ दिसतो म्हणून आपण तो कमी उजळवतो, आणि कागद स्वतःचा उजेड देत नाही. पाच वेगवेगळ्या उजेडातले फोटो एसआरजीबी या रंगपद्धतीत सेव्ह करून त्याच लॅबमधून ४ बाय ६ चे साधे प्रिंट काढून आणा. दिवसा खिडकीपाशी पडद्याशेजारी धरा आणि पडद्याचा उजेड त्या प्रिंटइतका खाली आणा. मग तो कायम तिथेच ठेवा. लॅब बदलली की पुन्हा हेच करायचं.

व्हिडिओ. इथे सगळे ट्रान्झिशन आणि इफेक्टपासून सुरुवात करतात, तुम्ही आवाजापासून करा. लग्नाचा जीव आवाजात असतो. नवीन मुलं मंगलाष्टकांवर सिनेमाचं गाणं टाकतात. पाच वर्षांनी तो व्हिडिओ लावला की घरच्यांना ऐकायचं असतं ते भटजींचा सूर, मधेच कापरा झालेला आत्याचा आवाज, मागे कुणीतरी ‘अक्षता टाका’ म्हणून ओरडलेलं. तो आवाज तुमच्याकडे नसेल तर परत कुठून आणणार? भटजींजवळ एक छोटा रेकॉर्डर ठेवा, कॅमेऱ्यांच्या भरवशावर राहू नका. वर ते गाणं हक्काचं नसल्यामुळे यूट्यूबवर आवाज बंद होऊ शकतो, तो त्रास वेगळाच.

सराव म्हणून एक करा. जुन्या एखाद्या लग्नाच्या मंगलाष्टकांचा आवाज घ्या, शेवटचं एक कडवं आणि ‘सावधान’. तो टाइमलाइनवर अखंड ठेवा, कुठेही तोडू नका. आता त्यावर चित्रं बसवा: अंतरपाटाची कडा, नवरीच्या मागे उभा असलेला मामा, मुठीत घट्ट धरलेल्या अक्षता, आईचा चेहरा. गाणं नाही, ट्रान्झिशन नाही, स्लो मोशन नाही. नुसता कट. प्रत्येक कट कुठल्या अक्षरावर पडतोय ते ऐका. अक्षराच्या मध्यावर पडलेला कट खुपतो, श्वासावर पडलेला कळतही नाही. मग अंतरपाट खाली येतो तिथे थांबा आणि तो शॉट लांब राहू द्या. दोघं एकमेकांना बघतात त्या तीन-चार सेकंदांत काहीही घुसवायचं नाही. हे एक दीड-दोन मिनिटाचं काम जमेपर्यंत दहा वेळा करा. मिक्सिंगमधलं अर्धं काम तिथेच हाताखालून जातं.

कॅमेऱ्यात २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मंडपातल्या दिव्यांचे पट्टे फिरताना दिसण्याची शक्यता कमी होते. स्लो मोशन हवं असेल तो शॉट ५० फ्रेमने घ्या, २५ च्या टाइमलाइनवर तो बरोबर निम्म्या वेगाने चालतो. लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग चढवायच्या फिक्या व्हिडिओत, शूट करणं एवढ्यात नको, आधी एक्सपोजर हातात बसू द्या.

एक गोष्ट मला सांगावीच लागेल, कारण ती माझ्याकडून झाली आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांतलं एक लग्न होतं. जागा नव्हती म्हणून सगळं एका बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकलं आणि कार्डं फॉरमॅट केली. ती डिस्क माझ्या हातून टेबलावरून खाली पडली. आत टक-टक असा आवाज यायला लागला. डेटा काढून देणाऱ्या दोन ठिकाणी गेले, काही निघालं नाही. नवऱ्या मुलाचे आजोबा त्या लग्नानंतर महिन्याभरात गेले होते आणि त्यांचा शेवटचा फोटो त्या डिस्कवर होता. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. ते लोक मला रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच कठीण झालं. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक लग्नाच्या तीन प्रती असतात, दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी. त्या मोजून झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट होत नाही. लाइटरूमच्या कॅटलॉगचा बॅकअप म्हणजे फोटोंचा बॅकअप नव्हे, हेही ध्यानात ठेवा. कॅटलॉगमध्ये फोटो नसतात, ते कुठे ठेवलेत एवढीच नोंद आणि तुमच्या दुरुस्त्या असतात. फोल्डर कधी हलवायचा झाला तर लाइटरूमच्या आतूनच हलवा, नाहीतर फोल्डरवर प्रश्नचिन्ह येईल आणि लाइटरूमला फोटो सापडणार नाहीत.

एआयची धास्ती घेऊ नका. चेहरा, केस, आकाश वेगळं निवडून देणारे मास्क आता एका क्लिकवर मिळतात, ते खुशाल वापरा, पूर्वी आमचे तास जायचे त्यात. पण नवीन चेहरा बनवून लावणं, बंद डोळे कुठल्यातरी दुसऱ्या डोळ्यांनी उघडणं याच्या वाटेला जाऊ नका. त्याच क्षणाचा पुढचा-मागचा फोटो तुमच्याकडे असतो, त्यातले तिचेच डोळे घ्या. आणि एआयचा मास्क टाकल्यावर हनुवटीखालचा पिवळा हळदीचा की साडीचा, हे तुम्हालाच बघावं लागेल. तुम्ही त्या मांडवात होता.

आता पहिलं काम. त्या आईंना फोन करा आणि अल्बम पुन्हा करून देतो म्हणून सांगा, पैसे न घेता. जमलं तर पोरीचा घरातला, दिवसा खिडकीपाशी काढलेला एक साधा फोटो मागून घ्या, तो पडद्याशेजारी ठेवून काम करा. सगळे फोटो जेपेग असल्याने पैठणीची वीण पूर्ण येणार नाही, तसं त्यांना आधीच सांगा. रंग मात्र बराच सावरता येईल. झाल्यावर हळदीचा आणि पैठणीचा, दोन्ही फोटो मला पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, त्यात साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. ४ बाय ६ चे प्रिंट काढून पोस्टाने पाठवा, आणि वहीतलं ते पानही.